चोडण की दिवाडी? मांडवीतल्या दोन बेटांची सायकलवाल्यांकडून होणारी गल्लत

पणजीहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याकडे निघालं की डाव्या हाताला मांडवीपलीकडे हिरवी किनार दिसत राहते. काठावरून पाहणाऱ्याला ती एकाच बेटाची वाटते. प्रत्यक्षात आधी चोडण येतं, मग दिवाडी. दोन्ही तिसवाडी तालुक्यात, दोन्हीकडे फेरीबोटीने जायचं, दोन्हीकडे शेतं, खारफुटी, बगळे आणि मध्ये टेकडी. त्यामुळे ‘रविवारी बेटावर सायकल मारून आलो’ असं सांगणाऱ्याला ‘कुठल्या?’ असं विचारलं की निम्मे लोक अडखळतात. ही गल्लत नुसती नावाची असती तर चाललं असतं. पण एका बेटाचं वेळापत्रक दुसऱ्यावर लावलं की सकाळ वाया जाते.

गोंधळाची सुरुवात धक्क्यावरच होते. एकाच नदीकाठच्या रस्त्यावर एकामागून एक तीन फेरीधक्के आहेत. पणजीहून येताना पहिला रायबंदरचा, तो चोडणचा. पुढे सांपेद्रचा आणि त्यानंतर जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ उतरलं की लागतो तो, हे दोन्ही दिवाडीचे. बोटी दिसायला सारख्याच, म्हणून बोटीकडे पाहून ठरवू नका, धक्क्याचं नाव वाचा. रायबंदर–चोडण मार्गावर 2025च्या जुलैपासून मोठ्या रो-रो बोटी (एका टोकाने वाहन चढतं, दुसऱ्याने उतरतं) आल्या आहेत, तेवढा एक फरक आता लांबूनही ओळखू येतो.

खरा फरक असा की चोडणला मागचं दार आहे आणि दिवाडीला नाही. चोडणचा रस्ता बेट ओलांडून मयेच्या बाजूने डिचोली तालुक्याला जोडलेला आहे, शिवाय पोंबुर्पाकडची वेगळी फेरी आहे. दिवाडीला रस्त्याचा एकही पूल नाही. दक्षिणेकडे सांपेद्र आणि जुने गोवे, दुसऱ्या टोकाला नार्वे, अशा तीन फेऱ्या आणि बाकी सगळं पाणी. सायकलवाल्यासाठी बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

मागचं दार असल्यामुळे चोडणचा रस्ता हा वाटेचा रस्ता आहे. मये, डिचोलीकडून पणजीला कामावर जाणारी माणसं तिथून येतात, त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी आठ ते साडेनऊ रायबंदरच्या दिशेने स्कूटरी आणि गाड्यांची रांग असते. तुम्ही उलट दिशेने जात असाल तर फारसा त्रास नाही. फक्त फेरी लागली की बोटीतली सगळी वाहनं एका दमात सुटतात आणि अरुंद रस्त्यावर पाठीशी हॉर्न सुरू होतात. यावर उपाय सोपा आहे. बोटीतून सगळ्यात शेवटी उतरा, धक्क्यावर दोन मिनिटं थांबा, पाणी प्या. घोळका पुढे गेला की पुढची बोट येईपर्यंत रस्ता तुमचाच. दिवाडीत वाहतूक फक्त गावची: दुचाकी, भाजीची रिक्षा, मागे मोठी टोपली बांधून भोंगा वाजवत जाणारा पोदेर, म्हणजे पाववाला. हा पोदेर सायकलवरच असतो आणि बेटावरची प्रत्येक वाट त्याला माहीत असते. रस्ता विचारायचा तर त्यालाच विचारावा, आणि विचारताना दोन पोळ्या (इथले गोल पाव) विकत घ्याव्यात.

दिवाडीची किंमत मात्र बोटीवर अवलंबून राहण्यात मोजावी लागते. पंक्चरने वेळ खाल्ला आणि ठरवलेली बोट चुकली तर चोडणहून मयेमार्गे निदान डांबरावरून बाहेर पडता येतं. दिवाडीत धक्क्यावर बसून राहण्यापलीकडे काही हातात नसतं. तेव्हा दिवाडीला जाताना उतरल्या उतरल्या परतीच्या बोटींची वेळ फलकावर पाहून ठेवा, आणि नार्व्याच्या टोकाला जायचं असेल तर त्या फेरीची वेगळी चौकशी करा.

आता पाणथळीकडे वळू, कारण लोक याच कारणासाठी जातात आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते. चोडणला पाहायला मिळतं ते मुख्यतः खारफुटीचं जंगल, दिवाडीला खाजन. लांबून दोन्ही हिरवं-चिखली दिसतं, पण एक आपोआप वाढलेलं आहे आणि दुसरं माणसांनी बांध घालून राखलेलं.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 1988 साली जाहीर झालेलं, क्षेत्र 178 हेक्टर, गोव्यातलं सर्वांत छोटं अभयारण्य. बोटीतून उतरल्यावर मुख्य रस्ता धरून पुढे निघून गेलात तर ते राहूनच जातं, कारण तिकडे डावीकडे वळावं लागतं. आत सायकल चालवण्याचा प्रश्नच नाही. फाटकाशी कुलूप लावायचं आणि खारफुटीतल्या पायवाटेने चालायचं. चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी बोटभर मुळं वर आलेली दिसली की ती तिवराची श्वसनमुळं. बांबूच्या टेकूंसारखी कमानदार मुळं दिसली की कांदळ. काठाला काटेरी पानांची, जांभळ्या फुलांची झुडपं असतात ती मारांडी. पाण्यात आणि चिखलात एकच पंजा मोठा असलेले खेकडे आणि उड्या मारणारे निवटे मासे. पक्षी पाहायचे तर ओहोटीला जा, चिखल उघडा पडला की बगळे, वंचक, तुतवार खाण्यासाठी खाली उतरतात. होडीने आतल्या खाड्यांतून फिरायचं असेल तर नेमकं उलट, भरती लागते. ‘पक्षी दिसलेच नाहीत’ ही तक्रार बहुधा भरतीच्या वेळी पायवाटेवर गेलेल्यांची असते.

दिवाडीत जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून उतरलं की रस्ता सपाट शेतांमधून सरळ जातो, दोन्ही बाजूंना खाजन. नदीच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीची ही जमीन आहे आणि तिला कोरडी ठेवतो तो मातीचा बांध. बांधाच्या पोटात चिकणमाती, नदीकडच्या अंगाला कुठे कुठे जांभा दगड. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार खाते, म्हणून ती तोडायची नसते. बांधात जिथे दगडी चौकटीत लाकडी फळ्या दिसतील तिथे थांबा, ती मानस. वरून बिजागरीवर टांगलेलं ते दार पाणीच उघडतं आणि पाणीच लावतं. ओहोटीला आतलं पाणी फळी बाहेर ढकलतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी नदीत जातं. भरतीला नदीचं पाणी फळीला चौकटीवर दाबून धरतं आणि खारं पाणी आत येत नाही. मोटर नाही, वीज नाही. आतल्या बाजूला खोलगट तळं असतं त्याला पोंय म्हणतात, मासळी तिथे साठते. पावसाळ्यात पहिल्या सरींनी जमिनीतलं मीठ धुऊन निघतं, मग खारं सोसणारं कोरगूट भात घेतात. कापणीनंतर तीच जमीन मासळी-कोळंबीला मिळते. बिघाड होतो तो खेकड्यांच्या बिळांनी बांध पोखरला की, किंवा मासळीच्या लोभाने मानस वेळेबाहेर उघडी ठेवली की. एकदा खारं पाणी शिरलं की भाताचा पुढचा हंगाम अवघड होतो. म्हणून बांधावर सायकल चालवू नका. कडा भुसभुशीत असतात, चिकणमाती ब्रेक आणि मडगार्डमध्ये जाऊन बसते, आणि तो बांध कोणाच्या तरी शेताचा जीव आहे. खाजन चोडणलाही आहेच, पण मानस जवळून पाहायची तर दिवाडी बरी.

नावांचा घोळही सांगायला हवा. दिवाडीच्या एका टोकाला नार्वे आहे आणि नदीपलीकडे डिचोली तालुक्यातही नार्वे आहे. दिवाडीतली नावेली, सासष्टीतली नावेली आणि डिचोलीतली नावेली ही तीन वेगळी गावं, मोबाइलचा नकाशा बेधडक भलतीकडे नेतो. पिन टाकताना गावाचं नाव नव्हे, फेरीधक्का निवडा. देवांच्या बाबतीतही अशीच सरमिसळ होते. पोर्तुगीज काळात दोन्ही बेटांवरचे देव नदीपलीकडे हलवले गेले. चोडणचा देवकीकृष्ण माशेलला, दिवाडीच्या गोळती-नावेलीचा महागणपती खांडोळ्याला, आणि कदंब राजांचा कुलदेव सप्तकोटेश्वर दिवाडीहून पलीकडच्या नार्व्याला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला. ते देऊळ पाहायला म्हणून कोणी दिवाडीत फिरत राहिलं तर सापडणार नाही, त्यासाठी नार्व्याची फेरी ओलांडावी लागते.

खरं तर दोन्ही बेटं एकाच रपेटीत बसवणं हेच आम्हाला सर्वांत पटतं. पणजी, रायबंदर, फेरी, चोडण, मये, नार्वे, फेरी, दिवाडी, जुने गोवे आणि परत पणजी: साधारण 35 ते 40 किलोमीटर, थांबत थांबत चार तास. दिशा हीच ठेवा. अभयारण्य सकाळी लवकर मिळतं, आणि चोडणचा रस्ता गर्दीच्या वेळेआधी किंवा गर्दीच्या उलट्या दिशेने पार होतो. तोटा एकच, अकराच्या पुढे समुद्राकडून वारा सुटतो आणि जुने गोवे ते पणजी हा शेवटचा दहाएक किलोमीटरचा टप्पा तो तोंडावर घेत काढावा लागतो. रायबंदर ओलांडल्यावर मिठागरांच्या कडेने जाणाऱ्या जुन्या पोर्तुगीज पुलावर तर आडोसाच नाही. तिथे मोठा गिअर ओढण्यात अर्थ नाही, हलक्यावर पाय फिरवत राहा. या रपेटीत चुकू न देण्याची एकच बोट म्हणजे नार्व्याची. ती गेली तर आमोण्याच्या पुलावरून खांडोळा, माशेल, बाणस्तारी असा मोठा वळसा पडतो आणि तो रस्ता गाड्यांचा आहे, शेताचा नव्हे.

चढ फार नाहीत, पण आहेत. चोडणच्या पुढे मयेकडे जांभ्याच्या माळावरचे चढउतार लागतात, दिवाडीत पिएदादच्या टेकडीवर चर्चपर्यंत छोटा पण उभा चढ आहे. वर खारी शेतं आणि नदीपलीकडची जुन्या गोव्याची शिखरं एकत्र दिसतात, तेव्हा घाम वाया जात नाही. टायर 28 ते 32 मिलिमीटरचे ठेवा. 70 किलोच्या माणसाला 32च्या टायरमध्ये 55 ते 60 पीएसआय हवा पुरते. पावसाळ्यात आणखी पाच कमी करा, रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं आणि वळणावर चाक सरकतं.

पाडण्याचं खरं काम मात्र रस्ता करत नाही, फेरीचा उतार करतो. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो, आणि त्यावर चिखल-शेवाळाचा पातळ थर असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा भरती दुपारच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे-सकाळी पडते, म्हणजे पहाटे निघणाऱ्याला नेमका हाच उतार मिळतो. पक्ष्यांसाठी ती वेळ उत्तम, टाचांसाठी वाईट. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं-उतरतं, आणि सकाळी भरतीच असते. उतारावर सायकल हातात धरून, नदीच्या बाजूला नव्हे तर वरच्या अंगाला उभं राहून चाला. बुटाच्या तळाला लोखंडी क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) असलेल्यांनी तर बुटांचे तळवे डेकच्या पत्र्यावर टेकवण्याआधीच सावध व्हावं. बोटीत सायकल कठड्याला टेकवून एक हात ब्रेकवर ठेवा. मध्ये उभी केली तर धक्क्याला बोट लागताच ती शेजारच्या स्कूटरवर जाते.

तारखांचंही एक बघा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेरां असतो. झेंडे, मिरवणूक आणि बोटींवर माणसांचा समुद्र. तो पाहायला जरूर जा, सायकल घरी ठेवून. 3 डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधीच्या नवव्यांत (नऊ दिवसांच्या प्रार्थनांत) जुन्या गोव्याचा रस्ता भाविकांनी भरलेला असतो, तेव्हा एकट्या चोडणवर भागवावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्ष्यांचा काळ. भाताचा हिरवा रंग हवा तर मात्र ऑगस्ट-सप्टेंबर, आणि तो दिवाडीत जास्त मोठ्या पटावर दिसतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवा. बोटीच्या डेकवरचं पाणी खारं असतं आणि साखळीला ते चांगलंच लागलेलं असतं. पाण्याचा जोर चाकाच्या हबवर आणि पेडलच्या आसावर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. बादली आणि फडकं पुरतं. साखळी पुसून, सुकवून तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीला, आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. सोमवारी सकाळी साखळीवर तांबूस पूड दिसली तर धुणं उशिरा झालं असं समजा.