ओंडका, पाचर आणि तेलाचा दाब: लॉग स्प्लिटर घरापर्यंत कसा आला

हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर, म्हणजे तेलाच्या दाबाने पाचर ओंडक्यात रेटून तो फोडणारं यंत्र, घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती टनांचं?" विकणाराही तोच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत रंगवतो. या यंत्राचा इतिहास मात्र सांगतो की ताकदीचा प्रश्न १७९५ सालीच सुटला होता. त्यानंतरची पावणेदोनशे वर्षं खर्ची पडली ती ती ताकद वेगाने मिळावी, घरगुती माणसाला परवडावी आणि चालवणाऱ्याची बोटं शाबूत राहावीत यासाठी.

मुळात लाकूड उभं फोडायला वाटतो तेवढा जोर लागत नाही. तंतू खोडाच्या लांबीने धावतात. त्यांना आडवं तोडणं अवघड, पण एकमेकांपासून सोडवणं सोपं. पाचर जराशी आत शिरली की चीर तिच्यापुढे पळायला लागते, आणि मग काम धारेपेक्षा पाचरीच्या रुंदावत गेलेल्या अंगाचं असतं. व्हायकिंगांनी जहाजांच्या ओकच्या फळ्या अशाच काढल्या: ओंडका मधोमध फोडायचा, मग अर्ध्याचे पुन्हा दोन, करवतीचा संबंधच नाही. घोडं अडतं ते गाठींपाशी, फांदी फुटलेल्या बेचक्यापाशी आणि एल्मसारख्या झाडांपाशी, जिथे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कुऱ्हाडीची सगळी शक्ती एका घावात संपते. रेटत राहणं तिला येत नाही.

शिवाय फोडायचं असतं ते लाकूड चुलीच्या तोंडात मावावं एवढ्यासाठीच नव्हे. अख्खा ओंडका वर्षानुवर्षं ओला राहू शकतो, कारण साल आतलं पाणी धरून ठेवते. ओलं लाकूड जाळलं की आच आधी पाणी उडवण्यात जाते, धूर वाढतो आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो. म्हणून जळण महिनोन्महिने आधी फोडून, रचून, वाळवून ठेवावं लागतं. म्हणजे हे काम नेहमी ढिगाने येतं. एखादा हट्टी ओंडका फुटतो की नाही यापेक्षा संध्याकाळपर्यंत ढीग संपतो की नाही, हा खरा प्रश्न.

बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे ब्लेझ पास्कालने लिहून ठेवलं. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. लहान दट्ट्यावर एक किलोचा भार टाका, शंभरपट क्षेत्रफळाच्या मोठ्या दट्ट्यावर शंभर किलोचा जोर मिळतो. पण फुकट काहीच नाही. मोठा दट्ट्या सरकतो लहान्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाच. ताकद घ्या आणि वेग द्या, हा सौदा पुढे प्रत्येक लॉग स्प्लिटरच्या नशिबी आला.

कागदावरचं हे गणित लोखंडात उतरवायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, आणि अडवलं ते गळतीने. जोसेफ ब्रामा हा इंग्रज कारागीर कुलपांसाठी प्रसिद्ध होता. १७९५ मध्ये त्याने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. दट्ट्याभोवतीची फट घट्ट आवळली तर दट्ट्या परत येताना अडकायचा, सैल ठेवली तर पाणी फवाऱ्यासारखं उडायचं. तोड निघाली ती चामड्याच्या वाटीसारख्या कडीने. आत दाब वाढला की कडीचे ओठ फाकून दट्ट्याला चिकटतात, दाब उतरला की आपोआप सैल होतात. या युक्तीचं श्रेय सहसा ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्लेला दिलं जातं. आजच्या सिलिंडरमधलं, म्हणजे दट्ट्या ज्यात सरकतो त्या नळकांड्यातलं, रबरी सीलही याच तत्त्वावर चालतं, फक्त चामडं गेलं. मला तर या साऱ्या कहाणीतला सगळ्यात हुशार तुकडा हाच वाटतो. पास्कालचं नाव शाळेत शिकवतात, या चामड्याच्या कडीचं कोणी काढत नाही.

एकोणिसाव्या शतकात या प्रेसने अचाट कामं केली. १८४९ मध्ये वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाच्या अवाढव्य लोखंडी नळ्या अशाच प्रेसनी उचलल्या. पण माध्यम होतं पाणी. पाणी गंजवतं, थंडीत गोठतं, वंगणाचं काम करत नाही. तेल आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९०६ मध्ये अमेरिकी युद्धनौका व्हर्जिनियावर तोफा फिरवायला तेलावर चालणारी यंत्रणा बसवली गेली. विसाच्या दशकात हॅरी व्हिकर्सने व्हेन पंप, म्हणजे फिरत्या पात्यांनी तेल ढकलणारा पंप, सुधारला, तर १९३९ मध्ये नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या संशोधकाला ओ-रिंगचं, म्हणजे गळती थांबवणाऱ्या गोल रबरी कडीचं, अमेरिकी पेटंट मिळालं. त्याच वर्षी हॅरी फर्ग्युसनची हायड्रॉलिक उचल असलेला फोर्डचा ९एन ट्रॅक्टर बाजारात आला आणि शेतकऱ्याच्या हाताला दाबाच्या तेलाची सवय लागली. यातली एकही गोष्ट लाकडासाठी झाली नव्हती. लॉग स्प्लिटर हा सगळा उसना माल आहे.

गंमत अशी, की सुटे भाग तयार होत होते तेव्हा गिऱ्हाईक पळत होतं. १९४० च्या जनगणनेत अमेरिकेतली सुमारे २३ टक्के घरं लाकडाने उबवली जात होती. १९७० मध्ये उरली १.३ टक्के. लाकूड कापणं मात्र याच काळात सोपं झालं. जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून करवतीच्या साखळीचा नवा दात घडवला आणि १९४७ मध्ये विकायला काढला. साखळी-करवती हलक्या होत एका माणसाच्या हाती आल्या. १९५३ मध्ये ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने ॲल्युमिनियमचं हलकं छोटं इंजिन आणलं, तेही गवत कापायच्या यंत्रांसाठी. आता एक माणूस सकाळभरात एवढे ओंडके पाडू शकत होता की ते कुऱ्हाडीने फोडण्यात पुढचा आठवडा जावा.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेचा पुरवठा रोखला. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला, १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर पुन्हा भडकला, आणि लोक लाकडाच्या शेगड्यांकडे वळले. घरगुती लॉग स्प्लिटर याच वर्षांत सगळीकडे पसरला. कित्येक जणांनी तो घरीच बनवला: भंगारातल्या लोडरचा सिलिंडर, इंग्रजी आय अक्षराच्या आकाराची पोलादी तुळई, तिच्या टोकाला वेल्ड केलेली पाचर आणि जुनं इंजिन.

त्याच काळात एक भयंकर स्वस्त पर्यायही खपत होता. मोटारीची मागची बाजू जॅकवर चढवायची, चाक काढायचं, त्या जागी आटे पाडलेला पोलादी शंकू बोल्टने आवळायचा आणि गाडी गिअरमध्ये टाकायची. फिरणारा शंकू ओंडक्यात घुसून तो फाडायचा. लाकूड अडकलं की ओंडकाच गरगर फिरायला लागायचा, आणि सैल बाही किंवा हातमोजा सापडला तर थांबवायला गाडीत कोणी बसलेलं नसायचं. युरोपात आज शंकूच्या यंत्रांसाठी सुरक्षेच्या मानकाचा वेगळा भाग आहे, यात नवल नाही.

घरगुती मशीन खऱ्या अर्थाने वापरण्याजोगं केलं ते दोन टप्प्यांच्या पंपाने. हिशेब करून पाहा. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला १७५ बार (बार हे दाबाचं एकक) दाब दिला तर जोर मिळतो साधारण १४ टन. पाचर सेकंदाला साडेआठ सेंटिमीटर चालायला हवी असेल तर मिनिटाला ४० लिटर तेल लागतं, आणि एवढं तेल एवढ्या दाबाने ढकलायला जवळपास १६ अश्वशक्ती लागेल, तीही पंपात काही वाया जात नाही असं धरून. पाच-सहा अश्वशक्तीच्या छोट्या इंजिनाला हे झेपणार नाही. म्हणून पंपात गिअरच्या दोन जोड्या. दाब कमी आहे तोवर दोन्ही तेल देतात आणि दट्ट्या झपाझप जातो. दाब ३५ बारच्या आसपास पोचला की मोठी जोडी आपलं तेल टाकीत परत सोडते आणि छोटी एकटी, मिनिटाला दहा-अकरा लिटर देत, दाब वर नेते.

मशीनपाशी उभं राहिलं की हे कानाला कळतं. पाचर लाकडाला टेकते, इंजिनाचा आवाज जड होतो, दट्ट्या एकदम मंदावतो. क्षणभर वाटतं की अडकलं. मग करकर होत चीर धावते, लाकूड सुटतं, आणि दट्ट्या पुन्हा वेग घेतो. सरळ रेषेचं लाकूड असेल तर आवाज बदलतच नाही, कारण ३५ बारलाही या सिलिंडरमागे पावणेतीन टन उभे असतात आणि तेवढ्यात ते फुटून जातं. थोडक्यात, बहुतेक ओंडक्यांना जाहिरातीतले टन कधी लागतच नाहीत. ६० सेंटिमीटरची अख्खी चाल वेगात सात सेकंदांत होते, पूर्ण दाबाखाली पंचवीसच्या वर. दिवसभराच्या ढिगात हाच फरक जाणवतो.

या संथपणात धोकाही लपलेला आहे. कुऱ्हाड सगळ्यांना भीतीदायक दिसते; सावकाश सरकणारी पाचर तशी वाटत नाही, म्हणून हात शेवटपर्यंत ओंडक्यावर राहतो. त्यातून एकजण लिव्हरवर आणि दुसरा लाकूड धरायला, ही जोडी सर्वांत वाईट, कारण एकाच्या घाईची किंमत दुसऱ्याची बोटं देतात. युरोपने १९९९ च्या ईएन ६०९-१ या लॉग स्प्लिटरच्या सुरक्षा-मानकाच्या काळापासून दोन्ही हातांच्या नियंत्रणाचा मार्ग धरला: दोन्ही लिव्हर दाबून धरल्याशिवाय पाचर चालत नाही, एक सुटला की थांबते. अमेरिकी मशीनवर सहसा एकच लिव्हर असतो. पुढे जाताना धरून ठेवावा लागतो, परतीला स्वतःच अडकून राहतो. दोनपैकी एक लिव्हर दोरीने बांधून ठेवणारे महाभागही आहेत. त्यांच्यासाठी कुठलंच मानक पुरणार नाही.

दुसरा धोका तेलाचा. होजला, म्हणजे तेल वाहून नेणाऱ्या लवचिक नळीला, सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की बाहेर येणारी धार डोळ्यांना धड दिसत नाही, पण कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि तरीही लगेच शस्त्रक्रिया लागू शकते. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवून, हात कधीच नाही. जुनं मशीन घेताना रंगापेक्षा होज पाहावेत ते यासाठी.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. होंडाची छोट्या इंजिनांची जीएक्स मालिका १९८३ पासून आली, घरच्या विजेवर चालणारी पाच-सात टनांची मशीनं आली, जड ओंडका उचलावा लागू नये म्हणून पाचर वरून खाली येणारी उभी मशीनं आली. दोन जड चक्रांत ऊर्जा साठवून एका फटक्यात लाकूड फोडणारी, तेलाशिवायची मशीनंही आहेत. ती कमी टनांची असूनही खपतात, कारण त्यांची चाल काही सेकंदांत संपते. सुकं लाकूडच जाळा हा आग्रह आता कायद्यातही आला आहे. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी मापात विकल्या जाणाऱ्या जळणात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही.

टनांचा आकडा पडताळायचाच असेल तर दोन गोष्टी विचाराव्यात: सिलिंडरचा आतला व्यास आणि रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तेल परत सोडणारी झडप, कितीला लावलेला आहे ते. पाच इंची सिलिंडर २५०० पीएसआयला (चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं अमेरिकी एकक) साधारण साडेचोवीस अमेरिकी टन देतो, म्हणजे मेट्रिक मोजमापात २२ च्या आसपास, कारण अमेरिकी टन ९०७ किलोचा. त्याच सिलिंडरवर ३० चा आकडा रंगवलेला असेल तर व्हॉल्व्ह ३००० पीएसआयच्या वर लावलेला असायला हवा, आणि पंप, होज, सील तेवढ्या दाबाचे आहेत का हे विक्रेत्याला दाखवायला सांगावं.