पार्श्वभूमी: न्यूयॉर्कची बिनफीची कॉलेजे

जानेवारी २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी मध्यमवर्गीय मुलांना सरकारी कॉलेजांत फी माफ करण्याची योजना जाहीर केली. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी सिनेटर बर्नी सँडर्स होते. अमेरिकेत हे पहिल्यांदाच घडते आहे, असा सूर त्या दिवसांत लागला होता. खुद्द सँडर्स यांचे उदाहरण मात्र उलट सांगते. ब्रुकलिनच्या जेम्स मॅडिसन हायस्कूलमधून बाहेर पडल्यावर १९५९-६० हे वर्ष त्यांनी ब्रुकलिन कॉलेजात काढले, आणि तिथे तेव्हा शहरातल्या मुलांना फी नव्हतीच. नोंदणी, प्रयोगशाळा अशी किरकोळ रक्कम भरली की झाले.

ही रीत १८४७ पासूनची. शहराच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष टाउनसेंड हॅरिस हा चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापारी होता. (अमेरिकेचा जपानमधला पहिला महावाणिज्यदूत तो हाच.) श्रीमंताचा आणि गरिबाचा मुलगा एकाच बाकावर बसावा, फरक करायचा तर मेहनत, वर्तणूक आणि बुद्धी यांवरूनच करावा, असे त्याचे म्हणणे. करदात्यांच्या पैशावर कॉलेज चालवायचे की नाही, यावर शहरात मतदान झाले आणि बाजूने पडलेली मते विरोधातल्या मतांच्या पाचपटीहून जास्त निघाली. १८४९ मध्ये ‘फ्री अकॅडमी’चे वर्ग सुरू झाले, पुढे तिचेच सिटी कॉलेज झाले. मुलींसाठी १८७० मध्ये वेगळी संस्था निघाली, ती आजचे हंटर कॉलेज. ब्रुकलिन कॉलेज १९३० चे, क्वीन्स कॉलेज १९३७ चे.

हॅरिसच्या वाक्यातला ‘बुद्धी’ हा शब्द लक्षात ठेवावा लागतो, कारण पुढची सगळी भांडणे त्याच्यावरूनच झाली. फी नव्हती, पण हायस्कूलच्या गुणांची सरासरी पाहिली जाई. जागा कमी आणि अर्ज जास्त झाले की तो आकडा वर चढे. १९६० च्या दशकात तो ८५ च्या आसपास आणि कधी त्याच्याही पुढे होता. ज्याची सरासरी कमी पडे तो संध्याकाळच्या वर्गात नाव घालू शकत असे, पण पदवीच्या नियमित यादीत नसल्यामुळे तिथे त्याला पैसे मोजावे लागत. म्हणजे पुढे असलेल्याला फुकट आणि मागे राहिलेल्याला विकत, असा हा हिशेब होता. सिटी कॉलेजच्या आठवणी भरभरून लिहिणारे बहुतेक जण पहिल्या गटातले. दुसऱ्या गटाची आठवण फारशी कोणी लिहिलेली नाही.

या शर्यतीची तयारी शाळेतच सुरू होई. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना नावापेक्षा नंबरने ओळखण्याची पद्धत, पी. एस. अमुक. हुशार मुलांना ‘एस. पी.’ म्हणजे ‘स्पेशल प्रोग्रेस’ वर्गात घालून तीन इयत्ता दोन वर्षांत उरकल्या जात. त्यामुळे सोळा वर्षांचे पोर कॉलेजात दिसणे यात नवल नव्हते. वर्षअखेरीस राज्याची ‘रीजंट्स’ परीक्षा. स्टायव्हेसंट, ब्रुकलिन टेक आणि १९३८ मध्ये निघालेले ब्रॉन्क्स सायन्स या हायस्कूलांना वेगळी प्रवेश परीक्षा. ब्रॉन्क्स सायन्सच्या १९५० च्या एकाच तुकडीत शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग होते. १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल दोघांनी अब्दुस सलाम यांच्यासोबत वाटून घेतले. १९३० च्या दशकातल्या महामंदीत इतरत्र नोकरी न मिळालेले उच्चशिक्षित लोक या हायस्कुलांत मास्तर म्हणून आले आणि टिकले, हेही या यशामागचे एक कारण. शहराला ते स्वस्तात मिळाले.

याच शाळांत १९५० च्या सुरुवातीला बॉम्बहल्ल्याच्या सरावाचे दिवस आले. इशारा मिळाला की बाकाखाली शिरायचे, हात मानेवर. सैनिकांच्या असतात तशा धातूच्या ओळखपट्ट्या शिक्षण मंडळाने मुलांना वाटल्या. त्या कशासाठी आहेत, हे मुलांना काय सांगायचे, याची पंचाईत बाईंची.

सिटी कॉलेजची इमारत हार्लेममधल्या टेकडीवर आहे. आपल्याकडच्या वाचकाला हा परिसर ओळखीचा वाटेल तो कोलंबिया विद्यापीठामुळे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे शिकायला गेले आणि जून १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाची मानद डॉक्टरेट घ्यायला पुन्हा गेले. तिथून वीसेक रस्ते उत्तरेला सरकले की सिटी कॉलेज. अंतर एवढेच, पण दोन्हींकडची मुले वेगळी. १९२० नंतर कोलंबियाने अर्जात धर्म, वडिलांचे जन्मस्थान अशी माहिती विचारायला सुरुवात केली, फोटो आणि मुलाखत आली, आणि ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण उतरत गेले. इतर नामवंत खासगी विद्यापीठांनीही हेच केले. पूर्व युरोपातून आलेल्या शिंप्याच्या, फेरीवाल्याच्या, कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाला मग एकच दार उरले. तिथे आडनाव न विचारता गुण विचारले जात होते.

वसतिगृह जवळजवळ नव्हतेच. ब्रॉन्क्स, ब्रुकलिनमधल्या घरातून सबवे पकडायची, वर्ग करायचे, मग काम, मग घर. मुंबईत लोकलने कॉलेज केलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. सबवेचे भाडे १९४८ पर्यंत पाच सेंट होते, त्या वर्षी ते दहा झाले. गुणी मुलाला फुकट शिकवणारे हे कॉलेज त्याची बोली मात्र तशीच ठेवायला तयार नव्हते. वक्तृत्वाचे तास सक्तीचे होते आणि त्यांत घरच्या यिद्दिशचा (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) किंवा ब्रुकलिनचा हेल काढून टाकण्यावर भर असे. शहरात मास्तरकीचा परवाना हवा तर उच्चारांची चाचणी द्यावी लागे, त्यामुळे पोटाचाही प्रश्न त्यात होता.

खरे कॉलेज, असे अनेक जण सांगतात, शेपर्ड हॉलच्या तळघरातल्या उपाहारगृहात भरत असे. भिंतीत कोनाड्यांसारख्या जागा होत्या आणि प्रत्येक गटाने आपला कोनाडा धरलेला. १९३० च्या अखेरीस एक नंबरच्या कोनाड्यात स्टालिनविरोधी समाजवादी बसत आणि दोन नंबरच्यात स्टालिनचे समर्थक. दुसऱ्यांची संख्या बरीच मोठी. पहिल्या कोनाड्यात आयर्व्हिंग हाउ, आयर्व्हिंग क्रिस्टल, डॅनियल बेल, नेथन ग्लेझर अशी मुले डबा खात वाद घालीत. त्यांतला हाउ शेवटपर्यंत समाजवादी राहिला, क्रिस्टल नवपुराणमतवादाचा जनक म्हणून ओळखला जाऊ लागला. या कोनाड्यांचे गुणगान इतके झाले आहे की, बाकीची मुले तळघरात न जाता प्रयोगशाळेत बसली होती हे विसरायला होते. १९३७ साली सिटी कॉलेजातून बाहेर पडलेल्यांत आर्थर कॉर्नबर्ग, जेरोम कार्ल आणि हर्बर्ट हॉप्टमन असे पुढचे तीन नोबेल विजेते होते. पोलिओची लस शोधणारा जोनास सॉल्क त्याआधी तीन वर्षे बाहेर पडला होता.

कोनाड्यांमुळे कॉलेजवर ‘लाल’ शिक्का बसला तो बसलाच. १९४० ते १९४२ या काळात राज्य विधिमंडळाच्या रॅप-कूडर्ट समितीने शहराच्या कॉलेजांत कम्युनिस्ट शोधायला सुरुवात केली आणि एकट्या सिटी कॉलेजातून पन्नासच्या आसपास प्राध्यापक व कर्मचारी नोकरी गमावून बसले. कम्युनिस्टांच्या शोधामुळे पुढे गाजलेल्या सिनेटर मॅकार्थीचे नाव कोणाला ठाऊकही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. त्याच १९४० मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांची सिटी कॉलेजातली नेमणूक न्यायालयाने रद्द केली. लग्न आणि नीती यांवरची त्यांची मते मुलांना बिघडवतील, अशी तक्रार होती. १९४९ मध्ये राज्याने फाइनबर्ग कायदा केला, ज्यात शिक्षकाच्या संघटनांवर नजर ठेवणे शाळांचे कर्तव्य ठरले. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि १९६७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. मधल्या पंधरा वर्षांत शाळांतले शेकडो शिक्षक चौकशीला सामोरे गेले, काही काढले गेले, काहींनी आधीच राजीनामा दिला. आपण कोणत्या सहीमुळे अडकू हे कळत नसल्याने मुलेही कुठल्या अर्जावर सही करायला कचरू लागली. सिटी कॉलेजातून १९३९ मध्ये इंजिनिअर झालेला ज्यूलियस रोझेनबर्ग सोव्हिएत संघासाठी हेरगिरीच्या खटल्यात जून १९५३ मध्ये पत्नीसह विजेच्या खुर्चीवर गेला, तेव्हा त्या कचरण्याला आणखी एक कारण मिळाले. काढलेल्यांबद्दल विद्यापीठाने खेद व्यक्त केला तो १९८१ मध्ये.

राजकारणापलीकडचे एक वेड होते बास्केटबॉल. १९५० च्या मार्चमध्ये सिटी कॉलेजने एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात ब्रॅडलीला हरवून, आणि दोन्ही वेळा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. एकाच वर्षात दोन्ही जिंकणारा दुसरा संघ आजवर झालेला नाही. वाटेत केंटकी विद्यापीठाचा ८९-५० असा धुव्वा उडाला. केंटकीच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. प्रशिक्षक नॅट होल्मन यांच्या संघात मात्र ज्यू आणि कृष्णवर्णीय मुले शेजारी खेळत होती, तीही फुकट शिकणारी, शहरातच वाढलेली. कॉलेजात वर्ग सुटले, मुले रस्त्यावर नाचली. अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी १९५१ मध्ये, याच संघातल्या खेळाडूंना पोलिसांनी पकडले. सामना जिंका पण फरक कमी ठेवा, यासाठी सट्टेबाजांनी त्यांना पैसे दिले होते. इतर अनेक कॉलेजांची नावे पुढे आली, तरी सर्वांत जास्त जिव्हारी लागले ते इथे, कारण गुणांवर मिळवले याचाच तर या कॉलेजला अभिमान होता. मोठ्या मैदानातले मोठे बास्केटबॉल सिटी कॉलेजने त्यानंतर सोडून दिले.

त्याच १९५१ मध्ये कॉलेजच्या कला व विज्ञान शाखेत मुलींना प्रवेश मिळाला. शंभर वर्षे लागली. तीन वर्षांनी ब्रॉन्क्समधला जमैकन आईबापांचा मुलगा, कॉलिन पॉवेल, इथे दाखल झाला. भूगर्भशास्त्रात त्याचे मन फारसे रमले नाही, लष्करी प्रशिक्षणाच्या तुकडीत रमले.

पॉवेलसारखी मुले तिथे थोडी होती, आणि कॉलेज होते हार्लेममध्ये. हा विरोधाभास सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत याच कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक केनेथ क्लार्क होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मेमी यांनी बाहुल्या दाखवून केलेल्या प्रयोगांचा आधार शाळांतली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात घेतला गेला. निकालानंतर क्लार्क यांनी दक्षिणेकडे बोट न दाखवता न्यूयॉर्ककडे दाखवले. इथे वेगळ्या शाळांचा कायदा नव्हता, पण शाळा वस्तीनुसार भरत आणि वस्त्या रंगानुसार वसलेल्या होत्या. हार्लेमच्या शाळांत कायम नेमणुकीचे शिक्षक कमी आणि बदली शिक्षक जास्त. १९५८ मध्ये तिथल्या काही आयांनी मुलांना त्या शाळांत पाठवायला नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायाधीश जस्टीन वाइज पोलियर यांनी डिसेंबरमध्ये निर्णय दिला की, मंडळ कमी दर्जाचे शिक्षण देत असेल तर पालकांवर सक्ती करता येत नाही. या विभागणीच्या निषेधार्थ ३ फेब्रुवारी १९६४ रोजी साडेचार लाखांहून जास्त मुले शाळेत गेली नाहीत. हा बहिष्कार नागरी हक्कांच्या चळवळीतल्या सर्वांत मोठ्या आंदोलनांपैकी एक, तरी त्याचे नाव फार कमी वेळा घेतले जाते. उत्तरेकडच्या शहराला आपल्या पुतळ्यांच्या यादीत ते बसवणे अवघड जात असावे.

अशा शाळेतून आलेल्याची सरासरी ८५ कशी होणार? एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजचा दक्षिण परिसर ताब्यात घेतला आणि दोन आठवडे बंद ठेवला. शहरातल्या हायस्कूलांत ज्या प्रमाणात ही मुले आहेत, त्या प्रमाणात ती कॉलेजात यावीत, ही एक प्रमुख मागणी होती. अध्यक्ष ब्यूएल गॅलाघर यांनी मे महिन्यात राजीनामा दिला. पण शहराच्या सगळ्या कॉलेजांचे मिळून १९६१ मध्ये झालेले सिटी युनिव्हर्सिटी हे विद्यापीठ मागणीच्याही पुढे गेले. १९७० च्या सप्टेंबरपासून हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला विद्यापीठात कुठे ना कुठे जागा मिळाली. आदल्या वर्षी सुमारे २० हजार मुले पहिल्या वर्षाला आली होती, त्या वर्षी सुमारे ३५ हजार. वर्ग भाड्याच्या जागांत भरले. या धोरणाचा फायदा संख्येने पाहता इटालियन, आयरिश अशा गोऱ्या कामगार घरांतल्या मुलांनाही खूप झाला, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

१९७५ मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाली. अल्प मुदतीच्या कर्जांवर चाललेला संसार बँकांनी थांबवला. मे १९७६ च्या अखेरीस पगारालाही पैसे नसल्याने अख्खे विद्यापीठ दोन आठवडे बंद पडले, आणि त्या शरद ऋतूत फी आली: पदवीच्या पहिल्या दोन वर्षांना वर्षाला ७७५ डॉलर.

सगळ्यांना दार उघडले म्हणून फुकट शिक्षण परवडेनासे झाले, असे एक स्पष्टीकरण तेव्हापासून दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. फी लावा असा राज्याचा दबाव १९६० च्या आसपासचा, नेल्सन रॉकफेलर गव्हर्नर असल्यापासूनचा. फी घेऊ नये असे सांगणारे कलम १९६१ च्या कायद्यातच गळले होते आणि निर्णय विद्यापीठ चालवणाऱ्या मंडळाच्या मर्जीवर आला होता. कर्जाचा डोंगरही विद्यापीठाने एकट्याने उभा केलेला नव्हता. तरी महामंदीतही जी सवलत कोणी काढून घेतली नव्हती, ती नेमकी पहिल्या वर्षाच्या वर्गांत कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन मुले कधी नव्हे इतकी दिसू लागल्यावर गेली, हे हार्लेममध्ये कोणाच्या नजरेतून सुटले नाही.