पऱ्हाटीचा गॅस वेगळा, शेणाचा वेगळा

"पऱ्हाट्या जाळू नका, गोबरगॅसमध्ये टाका." कापूस निघाला की उरलेल्या वाळक्या झाडांबद्दल, म्हणजे पऱ्हाट्यांबद्दल, मराठवाड्यात हा सल्ला दरवर्षी फिरतो. जाळू नका, हे बरोबर. पुढचं चूक, कारण सांगणाऱ्याने बायोगॅस (म्हणजेच गोबरगॅस) आणि प्रोड्युसर गॅस (लाकूड अर्धवट जाळून मिळणारा) एकच धरलेले असतात.

बायोगॅस तुम्हाला माहीतच आहे. शेण आणि पाणी सारखं, हौद, वर टोपी. २५ किलो ताज्या शेणाला साधारण एक घनमीटर गॅस. पुढे चला.

खरी गोम लिग्निनची, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाची. हौदात हवेशिवाय काम करणारे जिवाणू गुरांच्या पोटातूनच शेणाबरोबर आलेले असतात. म्हणून ढोबळ नियम असा: गुरं जे रवंथ करून पचवतात, ते हौद पचवतो. उसाचं वाढं, भाजीपाला, ज्वारीचा हिरवा पाला चालतो. पऱ्हाटी आणि तुराटी (तुरीची वाळकी झाडं) म्हणजे लाकूडच. त्यातलं लिग्निन तंतूंना जखडून धरतं आणि हवेशिवाय ते जवळपास फुटतच नाही. तुकडे करून टाकले तरी ५० दिवसांनी तसेच वर तरंगतात, जाड साय धरते, गॅस खाली कोंडतो, आउटलेट तुंबतं. मग बसा हौद उपसत. त्यावर कुणी "युरिया टाका, कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण जुळेल" म्हणालं की डोकंच फिरतं. युरियाने जिवाणूंना नत्र मिळतं, दात फुटत नाहीत.

सोयाबीनचं भुसकट अधलंमधलं. शेणकाल्यात दोन दिवस भिजवून, तेही शेणाच्या दहाव्या हिश्शापर्यंतच.

पऱ्हाटीला हवा गॅसिफायर. तिथे जिवाणू नाहीत, विस्तव आहे: मोजकीच हवा देऊन लाकूड अर्धवट जाळायचं. निघणाऱ्या गॅसमध्ये, म्हणजेच प्रोड्युसर गॅसमध्ये, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, बाकी निम्म्याच्या आसपास नायट्रोजन. उष्णता बायोगॅसच्या जेमतेम पाव. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो, म्हणून ही नळी घरातल्या चुलीला कधीच जोडू नका. तुकड्यांत ओल २० टक्क्यांच्या वर असली की डांबर सुटतं आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह चिकटतात. मागे राख-कोळसा उरतो. शेतात सोडायला स्लरी (बायोगॅसच्या हौदातून निघतो तसा पातळ काला) मिळेल ही आशा नको.

गॅसिफायर नसेल तर पऱ्हाटी ब्रिकेटवाल्याला (भुसा दाबून जळणाच्या कांड्या करणाऱ्याला) द्या, नाहीतर श्रेडरने बारीक करून रानातच पसरा. बांधावर ढीग तेवढा लावू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते.