भूकंपाची आभाळातील नोंद
नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना ज्या दूरच्या आकाशगंगांचा वेध घेतात, त्यांच्या संदेशांना पृथ्वीच्या माथ्यावरील आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, यावे लागते आणि तेथील मुक्त इलेक्ट्रॉन त्या लहरींमध्ये बिघाड करतात. पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञांना जो बिघाड काळजीपूर्वक दूर करावा लागतो, त्याच प्रकारच्या बिघाडातून भूकंपाचा माग लागतो.

मोठ्या भूकंपात जमीन किंवा समुद्राचा तळ एकदम वर उचलला जातो, तेव्हा वरची हवाही ढकलली जाते आणि कानाला ऐकू न येणाऱ्या अतिमंद ध्वनिलहरी वर निघतात. उंचीबरोबर हवा विरळ होत जाते. लहरीची ऊर्जा मात्र फारशी घटत नसल्याने थोड्या हवेला जास्त हेलकावे बसतात. जमिनीवरचे काही मिलिमीटरांचे कंपन सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे आयनांबरात, कित्येक मीटरांचे होते आणि त्याबरोबर तेथील इलेक्ट्रॉनही हलतात. लहरींना तेथे पोहोचायला आठ-दहा मिनिटे लागतात.

हे टिपण्याची युक्ती मला विलक्षण सुंदर वाटते. जीपीएस उपग्रह १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर संदेश पाठवतो. कमी वारंवारतेच्या संदेशाला आयनांबरात अधिक विलंब होतो, त्यामुळे दोहोंमधील फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले हे काढता येते. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर १२०० हून अधिक स्थानकांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा तळ्यात दगड टाकल्यावर उठावीत तशी वलये आभाळात पसरलेली दिसली.

यावरून भूकंपाचे भाकीत करता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. जपानच्या त्या भूकंपापूर्वी सुमारे ४० मिनिटे इलेक्ट्रॉन वाढल्याचा दावा झाला, पण तो वादग्रस्त आहे. शिवाय खूण ठळक उमटण्यासाठी भूकंप साधारण ६.५ किंवा त्याहून मोठा लागतो, त्यामुळे कोयना (१९६७) वा किल्लारी (१९९३) यांच्यासारख्या धक्क्यांची ठळक खूण मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. खरा उपयोग त्सुनामीसाठी आहे: समुद्र किती उचलला गेला, याचा अंदाज लाट किनाऱ्यावर येण्याआधी मिळू शकतो.

जीपीएससारख्याच भारताच्या ‘नाविक’ (NavIC) या उपग्रह प्रणालीतील भूस्थिर उपग्रह आकाशात जवळजवळ एकाच जागी राहत असल्याने आयनांबराच्या त्याच भागावर सतत नजर ठेवता येते. अडचण आहे ती सूर्यास्तानंतरची. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या आपल्या आभाळात तेव्हा इलेक्ट्रॉनविरळ पोकळ्या आपसूकच तयार होतात. त्यांतून भूकंपाची लहर वेगळी काढताना तिचा वेग पाहतात: ध्वनिलहर तेथे सेकंदाला सुमारे एक किलोमीटर, भूपृष्ठलहरींमागे उमटणारी तीन-चार, तर त्सुनामीमागे जाणारी जेमतेम पाव किलोमीटर सरकते.