अणुकेंद्राचा शोध

अणूचे जवळजवळ सर्व द्रव्यमान आणि सर्व धन विद्युत् भार मध्यावरील अत्यल्प जागेत एकवटलेला असतो, हे दाखवणारे संशोधन. ते मुख्यतः १९०९–१३ या काळात मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफोर्ड, हान्स गायगर व अर्नेस्ट मार्सडेन यांनी केले. शालेय पुस्तकांत अणुकेंद्राला ‘अणुकेंद्रक’ म्हणतात.

जे. जे. टॉमसन यांच्या १९०४ च्या प्रतिकृतीत धन भार संपूर्ण अणूत सारखा पसरलेला होता. त्याच वर्षी टोकियोचे हांतारो नागाओका यांनी शनी व त्याची कडी यांसारखी रचना सुचवली. काही जण तिला अणुकेंद्राची पूर्वकल्पना मानतात. रदरफोर्ड यांच्या १९११ च्या लेखात तिचा उल्लेख आहे खरा. परंतु ती कड्यांच्या स्थैर्याच्या गणितातून आलेली होती, प्रकीर्णनाच्या (कण आदळून विखुरण्याच्या) मोजमापांतून नव्हे. त्यामुळे तिला शोधाचे मूळ म्हणणे ओढूनताणून वाटते.

गायगर व मार्सडेन यांनी १९०९ मध्ये धातूंवर आल्फा कणांचा (किरणोत्सर्गी पदार्थांतून बाहेर पडणाऱ्या धन भारित कणांचा) मारा केला. अंधाऱ्या खोलीत जस्त सल्फाइडाच्या पडद्यावरील चमका सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजाव्या लागत. काही थोडे कण चक्क मागे फिरलेले आढळले. ‘सोन्याच्या वर्खाचा प्रयोग’ हे नाव रूढ असले, तरी शिसे, तांबे, ॲल्युमिनियम इ. इतर धातूही वापरले होते आणि सुमारे ८,००० कणांत एक हे प्रसिद्ध प्रमाण प्लॅटिनमचे आहे. तोफगोळा पातळ कागदावर आपटून परत यावा तसे हे वाटले, हे रदरफोर्ड यांचे उद्गार अखेरच्या वर्षांतील व्याख्यानातले असल्याने १९०९ मधील त्यांच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून जपूनच वापरावे लागतात.

टॉमसन यांच्या मते कणाचे मोठे विचलन (मार्गातून वळणे) अनेक लहान विचलनांच्या बेरजेतून घडे. एवढ्या कोनातून वळण्यास अशी बेरीज अपुरी पडते, एकाच टकरीत प्रबळ विद्युत् क्षेत्र लागते, असे रदरफोर्ड यांनी गणिताने दाखवले (मार्च १९११ मध्ये वाचन, मे १९११ मध्ये सविस्तर लेख). सोन्यासाठी मध्यवर्ती भार त्यांनी इलेक्ट्रॉनच्या भाराच्या सुमारे १०० पट धरला. आज तो ७९ पट मानतात. हा भार धन की ऋण, हे त्या लेखात अनिर्णित होते; सोयीसाठी तो धन धरला होता. ‘केंद्र’ अशी संज्ञाही तेथे नाही, ‘मध्यवर्ती भार’ असा शब्दप्रयोग आहे. शोधाचे वर्ष १९११ मानण्याचा प्रघात आहे. मात्र एखाद्या कोनातून वळणाऱ्या कणांची संख्या त्या विचलन कोनाच्या निम्म्या कोनाच्या ज्येच्या (साइनच्या) चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हे सूत्र गायगर व मार्सडेन यांनी तपासून प्रसिद्ध केले ते १९१३ मध्ये. प्रायोगिक सिद्धी म्हणायची तर तीच.

अशा अणूत फिरणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रात का कोसळत नाहीत, याचे पुंज (क्वांटम) सिद्धांतावर आधारलेले उत्तर नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडले. केंद्रातील न्यूट्रॉन या भाररहित कणाचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला.