क्लीव्हलँड वे की कोस्ट टू कोस्ट?

"आम्ही मूर्स ओलांडून रॉबिन हूड्स बेला चालत गेलो" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठल्या वाटेने? इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या नॉर्थ यॉर्क मूर्सवरून समुद्राकाठच्या या गावाकडे दोन नावाजलेल्या पायवाटा जातात. काही पल्ला त्या एकच असतात, त्यामुळे नावांची सरमिसळ होते.

मूर म्हणजे कोकणातल्या सड्यासारखंच बोडकं, वाऱ्याला उघडं माळरान. फक्त पायाखाली कातळाऐवजी काळं, ओलं, दबणारं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, आणि त्यावर हेदरची झुडपं. ऑगस्टमध्ये सगळं जांभळं होतं.

क्लीव्हलँड वे १९६९ साली खुली झाली. सुमारे १७५ किलोमीटरची ही वाट हेल्म्सलीहून निघते, मूर्सच्या कडेकडेने घोड्याच्या नालेसारखा वळसा घेते, सॉल्टबर्नला समुद्र गाठते आणि मग कड्यांवरून फायलीपर्यंत उतरते. कोस्ट टू कोस्ट पायवाटांची पुस्तकं लिहिणाऱ्या आल्फ्रेड वेनराइट यांनी १९७३ साली पुस्तकातून मांडली. ती पश्चिमेच्या सेंट बीजहून इंग्लंड आडवं कापत ३०० किलोमीटरच्या आसपास चालून रॉबिन हूड्स बेला संपते.

दोघी वेगळ्या होतात त्या ब्लोवर्थ क्रॉसिंगला. इथून पूर्वी रोझडेलच्या खाणींतलं लोखंडाचं खनिज नेणारी रेल्वे जायची, ती १९२९ मध्ये बंद झाली. रूळ गेले, सपाट भराव राहिला. कोस्ट टू कोस्ट त्या भरावावरून सरळ पुढे जाते, क्लीव्हलँड वे डावीकडे वळून किल्डेलकडे. बोलण्याच्या नादात इथे चुकायला वेळ लागत नाही. ओकच्या फळाचं चिन्ह, म्हणजे राष्ट्रीय वाटेची खूण, दिसलं म्हणून निश्चिंत राहू नका. कोस्ट टू कोस्टलाही राष्ट्रीय वाटेचा दर्जा द्यायचं २०२२ मध्ये जाहीर झालं आहे. पाटीवरचं नाव वाचा.

मूर्सच्या ऐन मधून जायचं असेल तर कोस्ट टू कोस्टला तोड नाही, पण या किनाऱ्यावरचं गाव तिला एकच मिळतं, तेही शेवटी. मला ओढ गावांची, म्हणून माझं मत क्लीव्हलँड वेला. स्टेद्सच्या लाल कौलांमधली एक बोळ इतकी अरुंद आहे, की पाठपिशवी काढून आडवं होऊन जावं लागतं. याच गावात १७४५ मध्ये जेम्स कुक, पुढे नावाजलेला दर्यावर्दी, दुकानात कामाला होता. पुढे रन्स्विक बे, व्हिटबी, आणि मग हॉस्करजवळ कोस्ट टू कोस्ट पुन्हा येऊन मिळते. शेवटचे काही किलोमीटर कड्यावरून दोघी एकच.

तीनच दिवस असतील तर सॉल्टबर्न ते रॉबिन हूड्स बे एवढंच चाला. सॉल्टबर्नपर्यंत रेल्वे आहे. रॉबिन हूड्स बेची १९६५ मध्ये बंद झाली, त्यामुळे परतताना व्हिटबी किंवा स्कारबराची बस धरायची.