बहुसांस्कृतिक फ्रॅटर्निटी व सोरॉरिटी (अमेरिका)

अमेरिकी विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे घेऊन चालणाऱ्या, निवडक सभासदांच्या विद्यार्थी संघटनांपैकी ज्या कोणत्याही एका वंशापुरत्या किंवा धर्मापुरत्या नाहीत आणि विविध पार्श्वभूमींच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणणे हेच ज्यांचे घोषित उद्दिष्ट आहे, त्या बहुसांस्कृतिक संघटना. मुलांच्या संघटनेला फ्रॅटर्निटी व मुलींच्या संघटनेला सोरॉरिटी म्हणतात. व्यवहारात मात्र ही संज्ञा सैल वापरली जाते. लॅटिनो, दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई व मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या संघटनाही बहुतेक ठिकाणी ‘मल्टिकल्चरल ग्रीक कौन्सिल’ या एकाच परिषदेखाली येतात, आणि त्यामुळे बाहेरच्या माणसाला त्या सगळ्या एकसारख्याच वाटतात.

ग्रीक अक्षरांची प्रथा १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपापासून सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात तिचे सामाजिक मंडळांत रूपांतर झाले. ही मंडळे गोऱ्या ख्रिस्ती मुलांची होती, आणि अनेकांच्या घटनेत तशी अट लेखी होती. वगळलेल्यांनी मग आपापली मंडळे काढली. ज्यू विद्यार्थ्यांची झीटा बीटा टाउ १८९८ ची. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली. तिची सुरुवात अभ्यासमंडळ म्हणून झाली होती, कारण आदल्या वर्षीचे काही कृष्णवर्णीय विद्यार्थी शिक्षण सोडून गेले होते आणि राहिलेल्यांना एकमेकांच्या आधाराची गरज होती. पुढच्या प्रत्येक लाटेत हेच कारण दिसते. फाय आयोटा अल्फा ही लॅटिनो फ्रॅटर्निटी १९३१ साली न्यूयॉर्क राज्यातील रेन्सिलर तंत्रशिक्षण संस्थेत उभी राहिली.

जुन्या फ्रॅटर्निटींचे दार आतून उघडण्याचे प्रयत्नही झाले. १९४८ साली ॲमहर्स्ट महाविद्यालयातील फाय कॅपा साय शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सभासद करून घ्यायचे ठरवले, तेव्हा राष्ट्रीय संघटनेने शाखाच निलंबित केली. त्याच वर्षी बीटा सिग्मा टाउ ही आंतरवंशीय फ्रॅटर्निटी स्थापन झाली. १९६० मध्ये ती पाय लॅम्ब्डा फाय या मोठ्या संघटनेत विलीन झाली. पन्नास-साठच्या दशकांत लेखी अटी एकेक करून गेल्या. निवडीची पद्धत मात्र तीच राहिली. २०१३ साली अलाबामा विद्यापीठातील पारंपरिक सोरॉरिटींनी कृष्णवर्णीय मुलींना डावलल्याचे विद्यार्थी-वृत्तपत्राने उघड केले, यावरून नियम बदलणे आणि दार उघडणे यांतले अंतर लक्षात येते.

आजच्या अर्थाने बहुसांस्कृतिक संघटनांचा काळ १९८१ पासून धरतात. त्या वर्षी न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात म्यू सिग्मा अप्सिलॉन ही पहिली बहुसांस्कृतिक सोरॉरिटी स्थापन झाली. न्यू जर्सीची भूमी त्यासाठी आधीच तयार होती. १९७५ साली तेथील कीन महाविद्यालयात लॅम्ब्डा थीटा फाय व लॅम्ब्डा थीटा अल्फा या लॅटिनो संघटना निघाल्या होत्या, आणि राज्याच्या सार्वजनिक महाविद्यालयांत स्थलांतरित कामगार कुटुंबांतली, घरून ये-जा करणारी मुले मोठ्या संख्येने येत होती. नव्वदच्या दशकात वाढीला वेग आला. साय सिग्मा फाय (१९९०), इलिनॉय विद्यापीठातील डेल्टा झाय फाय (१९९४) आणि नॉर्थ कॅरोलायनातील थीटा न्यू झाय (१९९७) ही त्यातली ठळक नावे. १९९८ मध्ये या संघटनांची सामाईक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

दक्षिण आशियाई संघटनाही याच दशकातल्या आहेत. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांची मुले तेव्हा महाविद्यालयांत पोचली होती. न्यू जर्सी, टेक्सासमधल्या मराठी घरांतली मुलेही त्याच पिढीची. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठात १९९४ साली आयोटा न्यू डेल्टा निघाली. १९९८ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन आवारात डेल्टा एप्सिलॉन साय व कॅपा फाय गॅमा, तर ह्यूस्टनमध्ये डेल्टा फाय ओमेगा स्थापन झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली सिग्मा बीटा रो (१९९६) दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांची म्हणून सुरू झाली आणि पुढे तिने स्वतःला बहुसांस्कृतिक ठरवले. वाढीचा हा मार्ग अनेक संघटनांना मोह घालतो. मात्र पहिल्या समूहाची भाषा, सण आणि खाणे यांना संघटनेत किती जागा ठेवायची हा वाद तिथे कायम राहतो.

नवी शाखा काढण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो. चार-आठ विद्यार्थी ‘इंटरेस्ट ग्रुप’ म्हणून एकत्र येतात, राष्ट्रीय संघटनेच्या विस्तार अधिकाऱ्याला अर्ज करतात आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी-व्यवहार कार्यालयाची परवानगी घेतात. विद्यापीठ साधारणपणे सल्लागार प्राध्यापक, विम्याचा दाखला आणि किमान गुणसरासरी (अनेक ठिकाणी चारपैकी २.५) मागते. मग गट ‘कॉलनी’ किंवा हंगामी शाखा बनतो आणि समाजसेवेचे तास, कार्यक्रम व वर्गणी यांच्या अटी पुऱ्या केल्यावर त्याला सनद मिळते. शाखांना स्थापनेच्या क्रमाने अल्फा, बीटा अशी अक्षरे दिली जातात. ओमेगा संपला की अल्फा अल्फा. विद्यापीठ आणि राष्ट्रीय संघटना या दोन्हींकडे एकाच वेळी अर्ज सुरू ठेवणे शहाणपणाचे असते. एकीची मंजुरी दुसरीवर अडते आणि एक सत्र वाया गेले की शेवटच्या वर्षाचे संस्थापक पदवी घेऊन निघून जातात.

सभासद होण्याची प्रक्रिया कृष्णवर्णीय संघटनांकडून घेतलेली आहे. एका सत्रातल्या नव्या उमेदवारांची ‘लाइन’ होते. उंचीप्रमाणे त्यांना क्रमांक मिळतात, सर्वांत बुटका बहुधा पहिला. काही आठवडे ते संघटनेचा इतिहास, संस्थापकांची नावे आणि ग्रीक वर्णमाला पाठ करतात. शेवटी आवाराच्या मोकळ्या चौकात ‘प्रोबेट’, म्हणजे नव्या सभासदांची जाहीर ओळख, होते. एकसारख्या कपड्यांतली लाइन, अनेकदा मुखवटे लावून, खांद्याला खांदा भिडवून येते, एका श्वासात सामूहिक पठण करते, पाय आणि टाळ्यांच्या ठेक्यावर ‘स्टेप’ सादर करते. मग एकेकाचा मुखवटा उतरतो आणि तो आपला क्रमांक व लाइनमधले टोपणनाव पुकारतो. तीच दोन्ही पुढे त्याच्या जॅकेटवर भरतकामात येतात. दक्षिण आशियाई संघटनांच्या सादरीकरणात भांगड्याची पावलेही दिसतात. स्टेप आणि हातांच्या खुणा मुळात कृष्णवर्णीय संघटनांच्या असल्यामुळे त्यांची हुबेहूब नक्कल केल्यास तक्रारी होतात, आणि त्या रास्तच आहेत.

जुन्या फ्रॅटर्निटींकडे स्वतःची घरे असतात, आणि तिथल्या खोल्यांच्या भाड्यावर त्यांचा कारभार चालतो. बहुसांस्कृतिक शाखांकडे घर बहुधा नसतेच. सभा वर्गात किंवा ग्रंथालयाच्या खोलीत होतात, सभासद पाच ते वीस. लाइन कधीकधी एकट्या उमेदवाराचीही असते. शाखा बंद पडते ती बहुतेकदा या आकड्यांमुळे. सहा जणांतले तिघे मे महिन्यात पदवीधर झाले आणि शरद सत्रात नवी लाइन झाली नाही, तर किमान सभासदसंख्येची अट मोडते. मान्यता गेली की खोली आणि विद्यार्थी-निधी जातो. कार्यक्रम थांबले की नवे कोणी येत नाही. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी जाणीवपूर्वक घेणे, पदाधिकाऱ्यांचा बदल वसंत सत्रातच उरकणे आणि खजिन्याचे व ईमेलचे पासवर्ड लेखी सुपूर्द करणे. न्यूयॉर्क, बॉस्टनसारख्या शहरांत अनेक महाविद्यालयांची मिळून एक शहरव्यापी शाखाही काढतात.

हाच लहान आकार घट्ट मैत्री घडवतो आणि हाच धोका वाढवतो. उमेदवार दोघे-तिघे, त्यांना शिकवणारे माजी सभासद बाहेरून आलेले आणि प्रक्रिया गुप्त, अशा वेळी हेझिंगला, म्हणजे आपल्याकडच्या रॅगिंगसारख्या छळाला, अटकाव करणारे कोणी उरत नाही. कृष्णवर्णीय संघटनांच्या परिषदेने १९९० मध्ये उमेदवारीची जुनी प्रदीर्घ पद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी ती अनेक ठिकाणी लपून चालू राहिली. डिसेंबर २०१३ मध्ये पाय डेल्टा साय या आशियाई अमेरिकी फ्रॅटर्निटीच्या न्यूयॉर्कमधील शाखेने पेनसिल्व्हेनियातील डोंगरी भागात नेलेल्या एका उमेदवाराचा, डोळ्यांवर पट्टी आणि पाठीवर ओझे असताना धक्के देण्याच्या विधीत मृत्यू झाला. वैद्यकीय मदत मागवायला उशीर लागला होता. न्यायालयाने २०१८ मध्ये संघटनेला त्या राज्यात दहा वर्षांची बंदी घातली. अशा विधींना ‘परंपरा’ म्हणून वाचवणे हा त्या मुलावरचा अन्यायच आहे. डिसेंबर २०२४ मधील केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना हेझिंगची आकडेवारी जाहीर करणे बंधनकारक केले. त्यात मान्यता नसलेल्या संघटनाही मोजल्या जातात, ही या लहान शाखांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची तरतूद.

अलीकडचा ताण वेगळ्या बाजूने आला आहे. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सार्वजनिक विद्यापीठांतील विविधता-कार्यालयांवर, म्हणजे वेगवेगळ्या वंश-पार्श्वभूमींच्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचे काम करणाऱ्या कार्यालयांवर, बंदी आली. विद्यार्थी संघटनांना कायद्यातून सूट आहे, त्यामुळे ऑस्टिनमधल्या फ्रॅटर्निटी व सोरॉरिटी बंद पडल्या नाहीत. पण तिथले मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर बंद झाले. घर नसलेल्या शाखांसाठी अशी केंद्रे म्हणजे सभेची जागा आणि कागदपत्रांत मदत करणारा पगारी कर्मचारी. ही दोन्ही कामे आता विद्यार्थ्यांनी आणि माजी सभासदांनी स्वतःच्या वेळात व खर्चाने करायची आहेत.